गावात जगाच्या घडामोडींवर आणि स्थलांतरावर बैठक कशी चालवावी: कोकणातल्या नव्या आयोजकांसाठी

तांबड्या समुद्रात जहाजावर हल्ला झाला की दापोली, गुहागर, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांत फोन सुरू होतात, कारण घरातलं माणूस बोटीवर असतं. आखातातल्या एखाद्या देशाने कामगारांचे नियम बदलले की मोहल्ल्यात त्यावर लगेच बोलणं सुरू होतं. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून फळमाशीच्या कारणावरून हापूस अडवला, तो भर हंगामात. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण युरोपीय संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्समधला निर्णय देवगडच्या बागेपर्यंत कसा पोचतो हे तेवढ्यात दिसून गेलं.

विषय गावात आहेच, त्यावर नीट बसून बोलायची सवय नाही. तिठ्यावर, एसटीची वाट बघताना बोलणं होतं आणि ज्याचा आवाज मोठा त्याची बातमी खरी ठरते. वाडीत, मोहल्ल्यात किंवा वाचनालयात अशी बैठक पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आमचा एक आग्रह यात सगळीकडे दिसेल: गावातून बाहेर गेलेल्या माणसाला आपण जे माप लावतो, तेच बाहेरून गावात आलेल्या माणसाला लावायचं. हे एवढं सांभाळलं नाही तर बैठक दोन-तीन महिन्यांत भांडणावर येते.

जागा आणि वेळ

देवळाचा सभामंडप फुकट असतो, पंखे असतात, म्हणून आधी तोच सुचतो. पण तिथे मोहल्ल्यातली, बौद्धवाडीतली माणसं मोकळेपणाने बसतीलच असं नाही. मदरशाच्या खोलीत बाकीच्या वाड्यांतल्या बायका येणार नाहीत. प्राथमिक शाळेचा वर्ग, ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा वाचनालय घ्या. शाळेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांनाही अर्ज द्या, सभागृहासाठी सरपंचांना. अर्जात विषय स्पष्ट लिहा. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून परवानगी काढली आणि आत पॅलेस्टाईनवर बोलणं झालं, तर पुढच्या वेळी किल्ली मिळत नाही, आणि तक्रार करायला आपल्याला तोंडही राहत नाही.

महिन्यातून एकच बैठक ठेवा, दीड तासाची. लावणीत आणि भातकापणीत शेतकरी गावात कोणी येणार नाही. मार्च ते मे बागायतदार पेट्या भरण्यात असतो. मच्छीमार गावांचं गणित उलटं: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळ्यांची आणि होड्यांची कामं सांभाळूनही माणसं भेटतात. रमजानमध्ये संध्याकाळ टाळा, शुक्रवारची दुपार एरवीही टाळा, शिमग्यात पालखी घरं घेत असताना तर विचारच करू नका. वेळ वस्तीच्या गाडीच्या (रात्री गावात मुक्कामाला राहणाऱ्या एसटीच्या) आधी किमान अर्धा तास संपेल अशी धरा.

संध्याकाळी सातची बैठक ठेवली की बायका येत नाहीत, चुलीपाशी असतात. आणि कोकणात त्यांच्याशिवाय या विषयावर बोलणं अर्धवट राहतं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. पुरुष बाहेर गेल्यावर बँक, घरबांधणी, सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलांची शाळा कोण सांभाळतं हे या आकड्यांतच आहे. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ बहुतेक गावांत सगळ्यांना जमते.

किती माणसं, कोण काय करणार

बारा ते अठरा. याहून कमी असली तर दोघंच बोलत राहतात, वीसच्या वर गेली की भाषणं सुरू होतात. जास्त माणसं आली तर दोन खोल्यांत दोन गट करा, विषय तोच. खुर्च्या किंवा सतरंज्या गोलात मांडा. पुढे टेबल आणि त्यावर हार ठेवू नका. टेबल दिसलं की पाहुणे शोधले जातात आणि सत्कारात वीस मिनिटं जातात.

तीन कामं आधी वाटून घ्या. सूत्रधार बोलणं चालवतो आणि स्वतःचं मत शेवटपर्यंत राखून ठेवतो. दुसरा वेळ बघतो. तिसरा वहीत नोंदी करतो. सूत्रधार गावातला मानकरी, पक्षाचा पदाधिकारी किंवा सावकारीतला माणूस नसावा, कारण त्याच्यासमोर काहीजण बोलणारच नाहीत. निवृत्त गुरुजी चांगले असतात, फक्त त्यांना शिकवायचा मोह होतो. त्यांना बैठकीआधी वाटायचं एक पानी टिपण लिहायचं काम द्या, ते उत्तम करतात. शिपिंगमधून निवृत्त झालेला बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) किंवा मोटरमन (बोटीच्या इंजिनावरचा कामगार) गावात असेल तर त्याला घरी जाऊन आमंत्रण द्या. त्याने पाहिलेली बंदरं आणि कालवे गावात दुसऱ्या कोणी पाहिलेले नसतात.

पहिल्या बैठकीला युद्ध घेऊ नका

पहिल्या बैठकीत नकाशा करा. जगाचा शालेय राजकीय नकाशा भिंतीवर लावा, शक्य तर शेजारी पृथ्वीगोल ठेवा. आलेल्या प्रत्येकाने आपल्या घरातून किंवा भावकीतून कोण कुठे गेलं ते सांगायचं आणि तिथे टिकली लावायची. नावं लिहायची नाहीत, फक्त ठिकाण आणि साल. हिरवी टिकली गिरणीच्या काळात मुंबईला गेलेल्यांची, लाल आखाताची, निळी बोटीवरच्यांची. पिवळी मात्र विसरू नका: ती गावात आलेल्यांची, म्हणजे आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी, मचव्यावरचा परप्रांतीय खलाशी, वीटभट्टीवरचं कातकरी कुटुंब, रस्त्याच्या कामावरचे मजूर. ही माणसं ज्या गावाहून, जिल्ह्याहून किंवा देशातून आली तिथे ही टिकली लावायची.

मग सालं वाचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर मनिऑर्डरी आटल्या आणि माणसं परतली किंवा दुसरीकडे वळली. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तिथल्या भारतीयांपैकी सुमारे १ लाख ७० हजारांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने परत आणलं गेलं. कोकणात त्या विमानांतून उतरलेली माणसं आजही आहेत, ती स्वतः सांगू शकतात. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. एवढं झालं की गावाला स्वतःचा जगाशी असलेला संबंध दिसतो आणि पुढच्या बैठकीला माणसं स्वतःहून येतात.

नकाशासोबत करायची एक मोजणी: वाडीत किती घरांना कुलूप आहे आणि त्यातली किती फक्त गणपतीत उघडतात. दोन तरुणांनी एका रविवारी चालत मोजावी. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार ७७७ होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना जिल्ह्याची घटली. वाडीतल्या कुलपांचा आकडा समोर असला की हा जिल्ह्याचा आकडा लोकांना आपला वाटतो. कुठली घरं बंद आहेत याची यादी मात्र कुठेही लावू नका आणि व्हॉट्सॲपवर टाकू नका, चोरांना आयती मिळते.

टिपण कसं लिहावं

प्रत्येक बैठकीसाठी एकच पान, मोठ्या अक्षरात, दोन दिवस आधी वाटायचं. त्यात चार गोष्टी: काय घडलं आणि कोणत्या तारखेला, कुठे (नकाशावर दाखवता येईल असं), आपल्याशी संबंध काय, आणि ज्यावर मतभेद होऊ शकतात असे दोन प्रश्न. प्रश्न ‘का’ आणि ‘कसं’ने सुरू करा. ‘योग्य की अयोग्य’ असा प्रश्न लिहिला की लोक पहिल्या मिनिटालाच दोन बाजूंना बसतात.

आकडा लिहिताना तो कशाचा आहे ते लिहा. जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये ३० कोटी ४० लाख होती. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते जगाच्या ३.७ टक्के, म्हणजे शंभरातले ९६ जण आपल्याच देशात आहेत. २०२४ अखेर युद्ध, छळ आणि हिंसेमुळे घर सोडावं लागलेली माणसं १२ कोटी ३२ लाख होती, आणि त्यातली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्या देशातच विस्थापित झालेली होती. ‘सगळे श्रीमंत देशांकडे निघालेत’ हे वाक्य बैठकीत हमखास येतं. हा आकडा तेव्हा हाताशी असावा.

रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात सर्वांत जास्त होता. पण पैसा ज्या बँक शाखेत जमा होतो तिथे तो मोजला जातो, घर कुठल्या गावात आहे त्यावरून नाही. त्यामुळे या आकड्यावरून आपल्या तालुक्याबद्दल काही ठरवू नका.

तीन प्रकारची माणसं टिपणात वेगळी ठेवा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळ होण्याच्या भीतीने देश सोडतो तो १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. कामासाठी, करार आणि व्हिसा घेऊन जातो तो स्थलांतरित कामगार. ज्याची मुदत संपली किंवा कागद नाहीत, तो कागदपत्रांविना राहणारा. त्यात घुसलेलाही असतो आणि मालकाने परवाना वेळेवर नूतनीकरण न केल्यामुळे अडकलेला आपल्याच गावचा पोरही असतो. गावात आलेल्या नेपाळी माणसाला या तिन्हींत बसवू नका: १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. हे सांगितल्यावर राखणदाराबद्दलच्या अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

प्रत्यक्ष दीड तास

पहिली दहा मिनिटं टिपण मोठ्याने वाचा. चष्मा विसरलेले आणि वाचता न येणारे कोण हे विचारायची वेळ येत नाही. पुढची पंधरा मिनिटं नकाशा. तांबड्या समुद्राचा विषय असेल तर पृथ्वीगोलावर दोरा धरा: मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून सुएझ कालव्यामार्गे युरोपातलं रॉटरडॅम बंदर, मग तोच प्रवास आफ्रिकेला वळसा घालून. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा अनेक कंपन्यांनी हा लांबचा मार्ग घेतला आणि साधारण दहा दिवस ते दोन आठवडे वाढले. भाडं का वाढलं आणि बोटीवरच्या माणसाचं घरी येणं का लांबलं, हे दोऱ्याने पाच मिनिटांत समजतं. सपाट नकाशावर दोरा धरू नका, अंतरं फसतात.

मग गोलातली फेरी: प्रत्येकाला दोन मिनिटं, कोणी मध्ये बोलायचं नाही, नको असेल त्याने ‘पुढे’ म्हणायचं. फेरीची सुरुवात सर्वांत तरुण माणसापासून किंवा एखाद्या वहिनींपासून करा. ज्येष्ठ आधी बोलले की नंतरचे ‘काका म्हणाले तसंच’ म्हणून बसतात. फेरीनंतर अर्धा तास खुली चर्चा, शेवटी पाच मिनिटं नोंदी वाचणं.

सूत्रधाराने तीन वाक्यं पाठ ठेवावीत. ‘काका, हे तुम्हाला कुठून कळलं, आणि कधीचं आहे?’ ‘भाऊ, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?’ ‘ताई, तुमच्या घरी याने काय फरक पडला?’ पहिल्या वाक्याने व्हॉट्सॲपवरचा जुना व्हिडिओ आपोआप खाली बसतो. विचारताना आवाज जिज्ञासेचा हवा. उलटतपासणीचा झाला तर तो माणूस पुन्हा येणार नाही.

बिघडतं कुठे

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे दूरच्या देशाचा जाब शेजाऱ्याला विचारणं. पाकिस्तान, बांगलादेश, इराण किंवा पॅलेस्टाईन असा विषय निघाला की एखादा मोहल्ल्यातल्या माणसाकडे वळून ‘तुमचं काय म्हणणं?’ विचारतो. पहिल्याच बैठकीत नियम सांगा: इथे बसलेला कोणीही कुठल्या देशाच्या किंवा धर्माच्या वतीने उत्तर द्यायला बांधील नाही. नियम मोडला तर सूत्रधाराने तिथल्या तिथे थांबवायचं. ‘नंतर समजावतो’ म्हटलं की दुखावलेला माणूस उठून गेलेला असतो. इस्रायलचा विषय असेल तर रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे शनवार तेली म्हणवल्या गेलेल्या बेने इस्रायलांपासून सुरुवात करा. त्यांच्यातले बहुतेक १९४८ नंतर तिकडे गेले. म्यानमार असेल तर तिथला शेवटचा राजा, रत्नागिरीतल्या थिबा राजापासून: १८८५ च्या युद्धानंतर ब्रिटिशांनी त्याला इकडे आणलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तिथून १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापर्यंत येणं सोपं जातं, आणि बोलणाऱ्यांचा आवाज सुरुवातीपासूनच खालच्या पट्टीत राहतो.

दुसरा बिघाड गणपतीतला. चाकरमानी आलेले असतात, बैठक भरते, आणि मुंबईकर मंडळाचे दोघं-तिघं गावाने काय करावं हे सांगायला लागतात. त्यांना विषय आधी कळवा आणि त्यांच्याकडे प्रश्नच तसा ठेवा: ‘तुम्ही गेलात तेव्हा मुंबईत तुम्हाला काय म्हणत होते?’ मुंबईत परका ठरलेल्या माणसाचं उत्तर गावातल्या खलाशाबद्दलच्या बोलण्याला आपोआप जोडलं जातं. वेळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर, संध्याकाळच्या आरत्यांच्या आत.

तिसरा: आखातातल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घेणं. कल्पना चांगली आहे, पण तो तिथल्या कायद्याखाली राहतो. त्या देशाच्या सरकारबद्दल, राजघराण्याबद्दल किंवा धर्माबद्दल त्याचं मत विचारू नका, रेकॉर्डिंग करू नका, तुकडा काढून ग्रुपवर टाकू नका. तिथे समाजमाध्यमांवरच्या बोलण्यावरून अटक होऊ शकते. कामाचे तास, खोली, जेवण, सुट्टी, घरची आठवण एवढंच विचारा. कुवेतचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास आहे आणि शुक्रवारी तिथे सुट्टी असते, त्यामुळे आपली शुक्रवारची संध्याकाळ बरी. पावसाळ्यात रेंज जाते, त्यामुळे त्याने आधी पाठवलेला आवाजी निरोप हाताशी ठेवा.

रिफायनरी, अणुऊर्जा असे गावाच्या जमिनीशी जोडलेले विषयही जागतिकच आहेत. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पामागे फ्रान्स आहे, नाणारच्या रिफायनरी प्रकल्पात सौदी आणि अबुधाबीच्या तेल कंपन्या भागीदार व्हायच्या होत्या. तरी पहिल्या सहा महिन्यांत हे घेऊ नका. बैठकीला एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय लागू दे.

एजंटची बैठक: वर्षातून एकदा घ्याच

ही सर्वांत उपयोगी बैठक, आणि हिला तरुणांसोबत त्यांच्या आयांनाही बोलवा. दागिने त्या गहाण ठेवतात.

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा स्थलांतर तपासणीची अट असते. अशा पासपोर्टवर सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, अमिरातीसह १८ देशांत कामाला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडून मंजुरी लागते. हे काम सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरून चालतं. बैठकीत फोन किंवा प्रोजेक्टरवर ते उघडा आणि नोंदणीकृत एजंटांची यादी कशी शोधायची ते प्रत्येकाकडून करून घ्या. नुसतं दाखवून होत नाही. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणारा, पावती न देणारा, ‘आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो’ म्हणणारा, यांच्यापाशी बोलणं तिथेच संपवायचं.

मंजुरी घेताना प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी निघते: दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. कित्येक घरांना ही पॉलिसी आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं. जाणाऱ्याने घरी एक पाकीट ठेवावं: पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा यांच्या प्रती, एजंटचा नोंदणी क्रमांक, कंपनीचा पत्ता. व्हिसावरचं कंपनीचं आणि कामाचं नाव करारावरच्या नावाशी जुळतं का, हे विमानात बसायच्या आधी बघायचं. तिथे पोचल्यावर मालक पासपोर्ट काढून घेऊ लागला किंवा पगार थांबला, तर दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर घरूनही तक्रार करता येते.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी नियम वेगळे. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा, आणि नोकरी लावण्याचे पैसे ती खलाशाकडून घेऊ शकत नाही. सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक) काढून देतो, बोटीवर चढवून देतो म्हणून तीन-चार लाख मागणाऱ्यांचं जाळं किनाऱ्यावर सगळीकडे आहे, याबद्दल बैठकीत मोकळेपणाने बोला. फक्त कोणा एजंटचं नाव भर बैठकीत घेऊन आरोप करू नका. तक्रार असेल तर कागदांसह पोलिसांत करायला त्या कुटुंबासोबत जा. थायलंड, म्यानमार, कंबोडियात ‘डेटा एंट्री’च्या नावाने नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडल्याची प्रकरणं याच बैठकीत सांगा. असे फसवणारे शिकलेल्या मुलांना गाठतात.

नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा बघा.

वहीत काय लिहायचं

तारीख, विषय, किती माणसं, त्यात बायका किती आणि कुठल्या वाड्यांतून. कोण काय बोललं हे नावासह लिहू नका, मुद्दा लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तो वेगळ्या पानावर, आणि ते कोण शोधून आणणार त्याचं नाव तिथे जरूर लिहा. पुढच्या बैठकीची तारीख उठायच्या आधी ठरवून शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि मशिदीच्या फलकावर त्याच दिवशी लावा. पिवळ्या टिकलीतल्या माणसांपैकी कोणी अजून आलं नसेल तर त्याला फलकावर सोडू नका, बागेत किंवा जेटीवर जाऊन बोलवा, आणि बैठक हिंदीत चालवावी लागली तर चालवा.